बिनछापाचा बेस

मेहुण्याचा फोन आला तेव्हा घुम्याच्या दोन्ही हातांना सरस लागलेला होता.

सकाळी बायकोनेच त्याला दवाखान्यातून पिटाळलं होतं. माझ्या तोंडाकडे बघत बसलास म्हणून मी बरी होणार आहे का, असं तिने विचारलं होतं. वर, ती नेक अर्धवट टाकून आलायस, ती आधी चिकटव जा, असंही बजावलं होतं. उशाशी तिचा भाऊ होता. म्हणून घुम्या दुकानात आला, आणि एका बेस गिटारच्या नेकवर, म्हणजे तिच्या लांब दांडीवर, बोटांनी तारा दाबतात ती फ्रेटची पट्टी बसवायला घेतली.

फोन त्याने खांद्याने कानाशी धरला. मेहुणा म्हणाला, "भावोजी, ताई गेली."

"बरं," घुम्या म्हणाला.

सरस एकदा लावला की थांबत नाही. त्याने पट्टी नेकवर ठेवली, कडा जुळल्या का ते बोट फिरवून पाहिलं, एकेक शिकंजा आवळला, फटीतून बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने पुसून घेतला. एकही शिकंजा तिरका बसला नाही. मग तो हात धुवायला मोरीपाशी गेला आणि नळ सोडला. नळ वाहत राहिला आणि तो मोरीच्या कडेला बसून राहिला.

ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. लोकांना वाटलं असतं, माणूस आहे का दगड. ती असती तर मात्र तिने आधी हेच विचारलं असतं, की शिकंजे आवळलेस ना? आणि म्हणाली असती, शाबास.

त्यांची ओळख झाली ती लाकडाच्या वखारीत.

घुम्या तेव्हा तरुण होता आणि त्याला हे नाव पडायचं होतं. तो गिटार बनवायचा, त्यातही बेस जास्त, चार जाड तारांच्या, ज्यांचा आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त कळतो. त्या दुपारी तो वखारीत एका फळीकडून दुसऱ्या फळीकडे जात होता. बोटाच्या पेराने टकटक करायचा आणि कान लावायचा. बाहेर पावसाची सर आली होती आणि पत्र्यावर असा ताशा लागला होता की त्याला कान फळीला अगदी चिकटवावा लागत होता.

"कोणी दार उघडत नाही वाटतं?"

त्याने वळून पाहिलं. छपराच्या कडेला एक मुलगी उभी होती. केसांतून पाणी ठिबकत होतं, कपडे अंगाला चिकटले होते. पाठीवर तिच्याएवढीच उंच पिशवी होती आणि त्या पिशवीला तिने स्वतःचा रेनकोट घातला होता, बटणं लावून, वर टोपीसुद्धा. पिशवी कोरडी ठणठणीत आणि बाई चिंब.

घुम्याचं जे काही व्हायचं ते तिथेच झालं. पुढे तो म्हणायचा, तिचा चेहरा मी नंतर पाहिला, आधी रेनकोट पाहिला.

"लाकूड ऐकतोय," तो म्हणाला.

"अस्सं. काय म्हणतंय?"

"हे काही म्हणत नाही. ते पलीकडचं म्हणतंय."

दुसरी कोणी असती तर हसून गेली असती. ही मात्र पिशवी भिंतीला टेकवून आत आली आणि मलाही ऐकू दे म्हणाली. त्याने तिला पलीकडच्या फळीच्या एका टोकाला कान लावायला सांगितलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला लावला. फळी लांब होती, पण आडवी होती, आणि दोघांचे चेहरे एकमेकांकडे होते. तिच्या पापण्यांवर पाणी होतं. तिने डोळे मिटले... मग उघडले. तो ठोकायचं विसरला होता.

"वाजवा ना," ती म्हणाली. "की तुम्हीपण दार उघडायची वाट बघताय?"

त्याने ठोकलं. फळी दबक्या आवाजात पण लांबवर बोलली, विहिरीत हाक मारावी तशी. तिचा चेहरा बदलला. चेष्टा गेली. अजून एकदा, ती हळूच म्हणाली. मग अजून एकदा. सर थांबली तेव्हा ती दोघं फळीवर बसून बोलत होती, म्हणजे ती बोलत होती आणि तो मान हलवत होता, आणि पाऊस थांबलाय हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

ती एका बँडमध्ये बेस वाजवायची. तिचा धाकटा भाऊ त्याच बँडमध्ये ड्रम वाजवायचा. तिच्या बेसमध्ये एक दुखणं होतं. सगळ्यात बारीक तारेवर, दांडीवरच्या फ्रेटांमधल्या सहाव्या घरातला सूर मुका होता. बाकीचे सूर छान लांबायचे, तो मात्र छेडल्या छेडल्या बसायचा. तिने तो तीन-चार जणांना दाखवला होता. सगळ्यांचं म्हणणं एकच, की बाई, तुमचं बोट कमी पडतंय.

दुसऱ्या दिवशी ती बेस घेऊन दुकानात आली. भाऊ बरोबर होता. घुम्याने तारा जुळवल्या, एकेक घर दाबत वर गेला, आणि सहाव्या घरात आवाज असा गेला की जिना चढताना एक पायरीच नसावी. त्याने परत वाजवलं. नेकच्या टोकाला, जिथे खुंट्या असतात त्या डोक्याला, हाताने घट्ट धरून परत वाजवलं. सूर थोडा लांबला.

मग त्याने सांगितलं की बोटाचा काही दोष नाही. प्रत्येक लाकडाला एका सुरावर डुलायची खोड असते. ही नेक नेमकी याच सुरावर डुलते आणि तारेचा सगळा जोर स्वतःच पिऊन टाकते.

ती भावाकडे वळली. "ऐकलंस? बोट माझं उत्तम आहे."

"मी कधी काय म्हटलं?" भाऊ म्हणाला.

"तू चेहऱ्याने म्हणत होतास."

घुम्याने नेकच्या डोक्यामागे पितळेचं छोटं वजन बसवलं. डोकं जड झालं, डुलणं बदललं आणि सहाव्या घरातला सूर उठून बसला. तिने तो दहा-वीस वेळा वाजवला. दर वेळी घुम्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता आणि त्याची छाती इंचभर फुगलेली होती. जाताना ती म्हणाली, शनिवारी आमचा कार्यक्रम आहे, तुमचं काम कसं वाजतं ते ऐकायला या.

तो गेला. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पार मागे भिंतीला टेकून उभा राहिला. ती ड्रमच्या शेजारी उभी होती, मागे तिचा ॲम्प आणि कमरेएवढा स्पीकर. गाणाऱ्या मुलीवर उजेड होता, हिच्यावर अर्धाच. पण घुम्याला दिसत होतं की सगळं गाणं तिच्या डाव्या हातावर उभं आहे. ती थांबली की सगळे थांबत होते, ती पुढे झाली की सगळे तिच्यामागे येत होते.

मग त्यांचं संथ गाणं आलं. ते एका लांब सुरावर उघडायचं, आणि तो सूर एकट्या बेसचा. तिने पाचव्या घरात बोट ठेवलं, तार छेडली... आणि सूर बसला. ओल्या पोत्यावर मूठ मारावी तसा, धप्प.

घुम्याने सहावं घर दुरुस्त केलं होतं. सहावं घर पुन्हा पुन्हा वाजवून घेतलं होतं. वजन लावल्यावर ती खोड जाते कुठे, हे बघायला पाचवं घर एकदाही वाजवलं नव्हतं. एका खोलीतली गळती बुजवली आणि पाणी शेजारच्या खोलीत निघालं. नवशिक्यानेसुद्धा अशी चूक केली नसती. ती करायला स्वतःवर खूश झालेला कारागीरच लागतो.

तिने मान वर केली आणि एवढ्या गर्दीतून नेमकं त्याच्याकडे पाहिलं. आणि हसली. तो सूर दुसऱ्यांदा आला तेव्हा तिचा हात न बघता वर सरकला आणि तिने तोच सूर शेजारच्या जाड तारेवर, दहाव्या घरात घेतला. भरदार, गोल. नंतर पूर्ण गाण्यात तो सूर पुन्हा पुन्हा आला आणि प्रत्येक वेळी ती त्या खड्ड्याला वळसा घालून गेली. सभागृहात कुणाला काही कळलं नाही. घुम्याला कळलं. लाजेने कान तापले होते आणि तरी त्याला शेजारच्या माणसाचा दंड धरून सांगावंसं वाटत होतं, बघा, बघा ती काय करतेय.

कार्यक्रमानंतर ती मागच्या दारापाशी केबल गुंडाळत होती.

"तुमचा मुका सूर सापडला," ती म्हणाली.

"ऐकलं."

"लांब गेला नव्हता. शेजारीच राहायला गेलाय."

त्याने मान खाली घातली. पण घुम्या मान खाली घालून उभा राहणाऱ्यांतला नव्हता. म्हणाला, "हा बेस मी बनवलेला नाही. मी बनवतो तुम्हाला एक."

"मुका सूर नसलेला?"

"नसलेला."

"आणि निघालाच तर?"

"तर हे काम सोडीन."

"नका सोडू," ती म्हणाली. "लाकडाशी गप्पा मारणारा माणूस दुसरं काय करणार? उपाशी मराल." मग केबलचं वेटोळं पिशवीत टाकत म्हणाली, "आज कुणाला कळलंसुद्धा नाही, पाहिलंत? बेसवाले पंख्यासारखे. चालू असेपर्यंत कोणी वर बघत नाही. बंद पडला की मग सगळे वर बघतात."

"मी बघत होतो," घुम्या म्हणाला.

तिने ते वेटोळं पिशवीतून परत बाहेर काढलं आणि पुन्हा गुंडाळायला घेतलं.

वखारीतली तीच फळी त्याने आणली. बेसचं काम भराभर होत नाही, आणि हे तर त्याने आणखीच सावकाश केलं. नेक एका लाकडाची न ठेवता पाच पट्ट्या जोडून केली, एकीच्या रेषा उजवीकडे झुकणाऱ्या तर दुसरीच्या डावीकडे, म्हणजे हवेत ओल आली तरी एकीने वाकायचं म्हटलं की दुसरी तिला अडवणार. मधोमध तारांचा ताण पेलणारी सळई आणि तिच्या दोन्ही अंगांना कार्बनच्या बारीक कांड्या. आणि नेक स्क्रूने जोडायच्या ऐवजी अंगातून आरपार नेली, खुंट्यांपासून पार शेवटच्या टोकापर्यंत एकच सलग दांडी. डुलायला जागाच ठेवली नाही.

ती येत राहिली. कधी पट्टा दाखवायला, कधी तारांचा आवाज उचलणारा पिकअप कुठे बसवणार ते विचारायला, कधी इकडून चालले होते म्हणून. तिचं घर दुसऱ्या टोकाला होतं, इकडून चालायचं तिला काही कारण नव्हतं. ती बोलायची आणि तो रंधा मारत हं म्हणायचा. एकदा ती वैतागली. "इतका कसा घुम्या रे तू?" म्हणाली. तुम्हीचं तू कधी झालं हे तिलाही कळलं नाही आणि नाव तेव्हापासून चिकटलं ते चिकटलंच.

नेकची पाठ तिच्या हाताच्या मापाने घासायची होती. हे माप काही कागदावर घेता येत नाही. तिने नेक मुठीत धरायची, वरखाली हात फिरवायचा आणि कुठे बोचतं ते सांगायचं, मग त्याने तिथे कानस मारायची, मग पॉलिश पेपर, मग पुन्हा तिचा हात. दोन दुपारी त्यातच गेल्या. तिच्या बोटांच्या टोकांना घट्टे होते आणि तळवा मऊ होता. तिचा हात नेकवरून उचलला की त्याचा हात तिथे जायचा, आणि लाकूड अजून कोमट असायचं.

"इथे," ती म्हणायची.

"इथे?"

"थोडं वर... आणखी थोडं... तिथेच."

"आता?"

"आता बरं आहे." मग थोडं थांबून, "उद्या परत बघू. आज हात सुजलाय बहुतेक."

हात कुठे सुजला नव्हता. घुम्या म्हणाला, बरं, उद्या बघू.

या दुकानाचा एक नियम होता. घुम्या ज्यांच्याकडे काम शिकला त्या मास्तरांचा. मास्तर तेव्हा नव्हते, पण त्यांची पितळेची छाप होती, बोटाच्या पेराएवढी, लाकडी मुठीची. ती तापवून नेकच्या डोक्याच्या मागे दाबायची. पण वाद्य तयार झालं की लगेच नाही. वादकाने ते नेऊन वाजवायचं आणि परत येऊन स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, वाजतं. मग त्याने नेक धरायची आणि कारागिराने छाप मारायची. छाप मारली की वाद्य त्याचं. ते पुन्हा दुरुस्तीला म्हणून या दुकानात यायचं नाही. छाप मारलेलं वाद्य परत आलं तर ती कारागिराची मान खाली, असं मास्तर मानायचे. आणि बिनछापाचं वाद्य मात्र दुकानाचंच, मग ते कुणाच्याही खांद्यावर असो.

बेस तयार झाला त्या दिवशी तिने प्रत्येक तारेवरचं प्रत्येक घर वाजवलं. पाचवं वाजवलं, सहावं वाजवलं. एकही सूर बसला नाही. सगळे फळीसारखेच बोलले, विहिरीत हाक मारावी तसे. घुम्याने छाप गॅसवर धरली.

"अजून नाही," ती म्हणाली.

त्याने गॅस बंद केला. ती बेस घेऊन गेली. आठवड्याने आली आणि म्हणाली, अजून नाही. पुढच्या आठवड्यात परत तेच. कुठला सूर मुका आहे ते तरी सांग, असं तो विचारायचा. सगळे बोलतात, ती म्हणायची. मग तारा जड आहेत का? नाही. वजन खांद्यावर येतं का? नाही, अगदी तोलून आहे. मग काय? अजून नाही.

घुम्याला झोप लागेना. तो तिच्या कार्यक्रमांना जाऊन मागे भिंतीला कान लावून उभा राहायचा. त्याला दोष ऐकू येत नव्हता. त्याच्या हातून याहून चांगलं काम झालं नव्हतं, आणि जिच्यासाठी केलं ती वाजतं एवढा एक शब्द बोलत नव्हती.

शेवटी एका दुपारी त्याने रंधा खाली ठेवला. "आज सांगून जा," तो म्हणाला. "काम वाईट असेल तर तसं सांग. मी ऐकून घेईन."

ती खुंटीशी चाळा करत बसली होती. भुसा तिच्या ओढणीवर उडाला होता.

"छाप लागली की हा इथे परत यायचा नाही ना?" ती म्हणाली. "मास्तरांचा नियम."

"नाही यायचा."

"मग?"

"मग काय?"

"देवा," ती छताकडे बघत म्हणाली. "लाकडाचं ऐकू येतं याला. माणसाचं येत नाही."

घुम्याला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचे कान तापले. तो उठला, छाप खिळ्याला टांगून आला, आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"वाद्य यायचं नाही," तो म्हणाला. "माणसाला कोणी मना केलंय?"

"मी बेसशिवाय कुठे जात नाही."

"मग छाप राहू दे."

"कुठवर?"

"तू इथे आहेस तोवर."

ती हसली. ओढणीवरचा भुसा झटकायला लागली, मग झटकायचं सोडून दिलं. "घुम्या," ती म्हणाली, "हे तू एवढं सगळं एका दमात बोललास. दमला असशील. बस."

लग्न झालं आणि बेस दुकानातच राहिला, कारण दुकानामागच्या दोन खोल्या हेच घर होतं. भांडण झालं की ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, लावून टाक छाप. म्हणजे मी चालले. तो म्हणायचा, गॅस संपलाय. तिचा राग तिथेच अर्धा व्हायचा. मोठमोठे वादक तो बेस हातात घेऊन बघायचे, उलटा करून बनवणाऱ्याचं नाव शोधायचे आणि नेकचं डोकं मागून कोरं दिसायचं. कोणी बनवला, असं विचारलं की ती घुम्याकडे बोट दाखवून सांगायची, यांनी, पण पसंत पडतोय का ते अजून ठरायचंय. वर्षानुवर्षं ती एवढंच सांगत राहिली आणि दुसऱ्या कुठल्या बेसला तिने हात लावला नाही.

वाजवायची कशी, ते घुम्याला विचारा. मुलं झाली नाहीत त्यांना, पण त्याबद्दल कुणी चुकचुकलं तर ती सांगायची की माझे सगळे शिष्य खाऊनपिऊन माझ्याच घरी असतात, अजून काय पाहिजे. त्या शिष्यांतली सगळ्यात तयार झालेली म्हणजे भावाची मुलगी, घुम्याची भाची. कुणाकडून तरी मागून आणलेला बेस वाजवायची. आत्या तिला कधी चांगलं म्हणाली नाही. घुम्याला मात्र स्वयंपाकघरात हळूच सांगायची, ही माझ्या पुढे जाणार बघ, आणि सांगताना तिची मान ताठ व्हायची.

आजार आला तो तिच्या दमावर आला, बोटांवर नाही. दवाखान्यात पांघरुणाखाली तिचा डावा हात चालू असायचा. जायच्या आदल्या संध्याकाळी तिने घुम्याला जवळ बोलावलं.

"बेस पोरीला द्यायचा," ती म्हणाली. "पण बिनछापाचा द्यायचा नाही. कोऱ्या डोक्याचा बेस घेऊन ती जगात जाणार नाही. तुझं काम आहे ते. लोकांना दिसू दे."

"घरी चल. मग लावू."

"घुम्या, वादकाने सांगायचं असतं ना? सांगते." तिने दम घेतला. "वाजतो. पहिल्या दिवसापासून वाजतो. तुझ्यासारखं काम कोणी करत नाही, आणि हे मला तेव्हाच कळलं होतं."

याच शब्दासाठी एके काळी त्याची झोप उडाली होती. आता ऐकला तर त्याला तो परत तिच्या तोंडात ढकलावासा वाटला. त्याने तिचा हात पांघरुणाखाली नीट ठेवला आणि म्हणाला, गॅस संपलाय.

ती हसली. हसता हसता खोकली. सकाळी तिने त्याला नेक चिकटवायला पाठवलं.

काही दिवसांनी बँडने तिच्यासाठी कार्यक्रम केला. सगळी गाणी भाचीने वाजवली, मागून आणलेल्या बेसवर, आणि आत्याचं नाव राखलं. संथ गाणं मात्र त्यांनी बेसशिवाय करायचं ठरवलं होतं. पहिल्या लांब सुराच्या जागी कोणी काहीच वाजवलं नाही. मेहुणा ड्रमच्या काठ्या मांडीवर ठेवून बसून राहिला. सभागृह शांत झालं, आणि घुम्या मागे भिंतीला टेकून बघत होता, तर एकेक माणूस मान वर करून छताकडे बघायला लागला. आपण कशाला बघतोय हे त्यांचं त्यांना माहीत नसेल. त्याला माहीत होतं. त्याचा ऊर भरून आला तो रडण्याने नाही. बघा, त्याला शेजारच्याला सांगावंसं वाटलं, बघा, काय बाई होती.

दुसऱ्या आठवड्यात भाची दुकानात आली. मेहुण्याने तिला पाठवलं होतं, आत्याचा शब्द पाळायचा म्हणून. घुम्याने बेस भिंतीवरून उतरवला, तारा पुसल्या, ॲम्पला जोडला. तिने तो सावकाश वाजवला, एकेक घर. पाचवं आलं, सहावं आलं. मग ते संथ गाणं सुरू केलं आणि पहिल्या सुरालाच दुकानात भिंतीवर टांगलेले दुसरे दोन बेस आपोआप गुणगुणले. पोरीच्या हाताला नेक किंचित बारीक पडत होती. ती काही बोलली नाही. हात जरा फिरवून तिने स्वतःची जागा शोधून घेतली, न बघता.

"आतोबा," ती म्हणाली, "याच्यात काही खोट नाहीच की हो. वाजतो."

"तुझ्या आत्यालाही तसंच वाटायचं," घुम्या म्हणाला. "सांगायला जरा वेळ लावला तिने."

त्याने खिळ्यावरून छाप काढली. इतकी वर्षं इतर वाद्यांवर मारून तिच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. गॅस पेटवला. गॅस भरलेला होता. पोरीने नियमाप्रमाणे दोन्ही हातांनी नेक धरली आणि डोक्याची कोरी पाठ त्याच्यापुढे केली. पितळ तापलं. त्याने ते उचललं, जागा हेरली, हात जवळ नेला. लाकडाच्या त्या जागेवर बायकोच्या अंगठ्याचा घासून झालेला डाग होता, तार जुळवताना ती तिथे धरायची.

घुम्या तसाच उभा राहिला. पितळ हळूहळू निवत गेलं.

"उद्या ये," तो म्हणाला.

पोर शहाणी. तिने नेक सोडली, आतोबांच्या हातातली छाप काढून घेऊन खिळ्याला टांगली आणि दोघांसाठी चहा टाकला.

ती दुसऱ्या दिवशीही आली, त्याच्या पुढच्या दिवशीही. रोज येते, रियाज करते, आणि जाताना बेस भिंतीवर ठेवून जाते. बायको गेली त्या दिवशी शिकंज्यांत धरलेली नेक केव्हाच सुटली, त्या नेकचा बेस तयार होऊन गेलाही.

या बेसवर छाप लावायची राहिली आहे.